तकलीफ नाही साहेब

आमच्या दादाचा किस्सा सांगतो, पण हसू नका बाप्पा. दादा फौजेतून घरी आला तोच हात थरथरत. डॉक्टर झाले चार, रोगाचं नाव कोणालेच सापडलं नाही. मंग अपंग पेन्शनसाठी फौजेच्या डॉक्टरायनं तपासाले बोलावलं. बावीस वर्षांच्या फायलीत नोकरीतल्या दुखण्याची एक ओळही नव्हती, म्हून ते नोकरीतच लागलं हे दादालेच सांगा लागणार होतं. अन् तवा आपल्याकडं कोणाचा हात थरथरला का लोक म्हणत, कपाशीवर फवारणी केली असन. दादानं तर पंपाले हातही लावला नव्हता.

दारव्ह्यापासून जीपमध्ये वहिनी घोकून घेऊन राह्यली होती. "तुमी काय सांगसान?"

"सरहद्दीवरच सुरू झालं. तवापासून चमचा धरता येत नाही."

फौजेच्या दवाखान्यात आत मोठा डॉक्टर साहेब वर्दीत बसला होता. त्यानं विचारलं, "जवान, कोई तकलीफ?"

दादा ताडकन उभा. टाचा जुळल्या. "नहीं साहब!"

पँटीच्या शिवणीवर ठेवलेला दादाचा हात थरथरून राह्यला होता, अन् साहेब खाली पाहून लिहीत होता.

बाहेर आल्यावर मी चिडलो, "असं काहून बोलला, दादा?"

"साहेब होता ना समोर."

वहिनी पायरीवर मटकन बसली. "आता समजलं मले, बावीस वर्षांच्या कागदात याईचं दुखणं काहून नाही ते."