कोपर खुपसणारी बाई

...बसा हो वहिनी, ते खुर्चीवरचे कपडे सारा बाजूला — हात? बरा आहे, टाके उद्या काढतील. नाही, पडले-बिडले नाही, कोपरातली नस दबली होती. वर्षभर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपलेलं. काजं-बटणं करून जगणारी बाई मी, सुई धरावी तर जमिनीवर! शेवटी गेले डॉक्टरकडे. तो विचारतो, कोपर कशावर टेकता तासन्‌तास? म्हटलं, शिलाई मशीनवर, आणखी कशावर? म्हणाला, दाखवा बघू कसं ते. आणि मी मेली — हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना — सरळ त्याच्या खिडकीशी गेले, दोन्ही कोपरं टेकली, वर म्हणते कशी, "डॉक्टर, खाली तुमच्या गाडीला कुणीतरी सायकल लावलीय!" हसला मेला. "मशीन रस्त्यावर ठेवता वाटतं?" म्हणाला. लोक दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतात, मी कोपर खुपसलं! नस कसली, नसत्या चौकशा दबल्या होत्या त्या.

मग काय, कापलं. कोपरामागची नस उचलून पुढं आणून बसवली. म्हणजे बघा, गल्लीत कोण घर बदलतंय ते आधी मला कळतं, आणि माझ्याच हातातलं बिऱ्हाड हललं तेव्हा मी गुंगीत! बोटांना जराशी जाग आलीय. पण पुन्हा टेकलात तर बोटं गेली समजा, असं बजावलंय त्यानं.

इतके दिवस अंगावर का काढलं? — अहो, तुमच्या ह्या समोरच्या घरात आधी मास्तर राहायचे, एकटेच. मी बहिणीकडे गेले होते, चार दिवस. चारही दिवस त्यांची खिडकी बंद — आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी परत आले तेव्हा कुठं दार फोडलं, पण उशीर झाला होता. मग तुम्ही आलात, त्याही एकट्या. खिडकी उघडता दहाला! तोवर मी आपली इथं — छे, कसलं काय, खोडच आहे मला, दुसरं काही नाही. पण वहिनी, उठल्या उठल्या खिडकी उघडत जा की. माझी दोन बोटं वाचतील.

बरं, उठा आता. गॅसवर दूध ठेवून आलात ना, उतू जातंय तिकडे. — अहो, टेकले नाही, उभ्यानंच बघितलं! पळा!