आप्पांची वीत

राजेश्वरी : पोत्यावर बारा पट्ट्या होत्या. चार नुसत्या तळ्याच्या मातीच्या, चार राख घातलेल्या, चार लीद मिसळलेल्या. बाराच्या बारा आव्यातून भाजून निघाल्या. तडा फक्त एकीला, तोही कोपऱ्यात. आणि रेघा शून्य. आई, प्रत्येक पट्टीवर मी दहा सेंटिमीटरची एक रेघ ओढली होती. सुईनं.

कुशाबाई : मीच पुसल्या त्या.

राजेश्वरी : पुसल्यास?

कुशाबाई : ओल्या व्हत्या तवाच. पोतेरं फिरवलं वरनं. रेघ ठिवली की तिथनंच चिरतंय भाजल्यावर. तीस वर्सं ह्याच अंगणात तुज्या आप्पांच्या मागनं पोतेरं फिरवत आलीया मी. म्हनलं, पोरगी परदेशात जाऊन मातीला हात लावायचं इसरली. ओरखडे पाडून गेली.

राजेश्वरी : ओरखडे नव्हते ते, माप होतं. माती वाळताना आवळते, भाजताना आणखी आवळते. ओली असताना दहाची रेघ ओढायची आणि भाजल्यावर तीच मोजायची. नऊ भरली, तर माती दहात एक आवळली. आता मोजू काय?

कुशाबाई : दुसऱ्या कर की. अर्धं घमेलं माती पडलीय अजून.

राजेश्वरी : वाळायला आठ दिवस, भाजायला दोन. उद्या दुपारी माझं विमान आहे.

कुशाबाई : मंग पुढल्या बारीला.

राजेश्वरी : तोवर प्रदर्शन होऊन गेलेलं असेल.

कुशाबाई : ह्या पट्ट्यांचा आन् तुज्या परदर्शनाचा काय संबंध, त्ये मला अजून कळलं न्हाय. तुज्या भावाला, रविराजला इचारलं तर तो म्हनला, तिलाच इचार. सरळ सांग.

राजेश्वरी : सरळ सांगते. डेन्मार्कच्या त्या बेटावर आम्ही बावीस कुंभार आहोत.

कुशाबाई : समदी कुंभारच?

राजेश्वरी : जातीनं नाही गं. एक आधी नर्स होती, एक जहाजावर होता. सगळ्यांत मिळून एक भट्टी, लाकडावरची, वर्षातून दोनदा पेटते. मिळून एक दुकान, तिथं पाळीपाळीनं बसायचं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बैठक. एकानं आपलं भांडं टेबलावर ठेवायचं आणि बाकीच्या एकवीस जणांनी त्यात काय चुकलंय ते सांगायचं.

कुशाबाई : आन् बरं काय हाय त्ये?

राजेश्वरी : ते सांगायची पद्धत नाही.

कुशाबाई : येवढ्यासाठी येवढ्या लांब गेलीस व्हय? त्ये तर आमीबी हितं बसून सांगितलं असतं.

राजेश्वरी : ऐक ना. यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येकानं एकच भांडं मांडायचं ठरलंय. ज्यानं आपल्याला शिकवलं त्याचं भांडं, त्याच्याच मापाचं, आपल्या हातानं केलेलं. खाली चिठ्ठी, शिकवणाऱ्याचं नाव आणि माप. बाकीच्यांकडं मापं आहेत. कुणाच्या मास्तरानं वही ठेवलीय, कुणाकडं मास्तराची लाकडी पट्टीच आहे. मला विचारलं. मी म्हटलं, वडलांनी शिकवलं, नाव सर्जेराव, माप वीत. कारेन म्हणून एक म्हातारी आहे, भांड्यावर बोटाचं पेर वाजवून बघते, तुझ्यासारखंच. ती म्हणाली, वीत म्हणजे किती? मला सांगता आलं नाही.

कुशाबाई : वीत म्हंजी वीत. अंगठा हिकडल्या काठाला, करंगळी तिकडल्या. चाकावर डेऱ्याचं तोंड त्येवढं झालं की त्ये थांबायचे. मागनं थापटून पोट वाढवायचे, तोंडाला हात लावायचे न्हाय.

राजेश्वरी : हात आता नाही. डेरा आहे. आणि डेरा मागितला तर तू दिला नाहीस.

कुशाबाई : त्यातलं पानी पिती मी. त्यांच्या हातचा येकच ऱ्हायलाय. इमानात फुटला म्हंजी?

राजेश्वरी : म्हणून तर नुसतं माप न्यायचं ठरवलं. डेऱ्याचं तोंड मोजलं, एकोणीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर. पण हे भाजल्यानंतरचं. आप्पांनी वीत लावली तेव्हा माती ओली होती, तोंड मोठं होतं. किती मोठं, ते माती किती आवळते त्यावरून निघतं. त्याला माती त्यांचीच पाहिजे, लीदही ते घालायचे तशी. बाकीच्या आठ पट्ट्या मी नुसत्या बघायला केल्या. खरं काम लीदीच्या चारांचं.

कुशाबाई : म्हनून कळसला गेली व्हतीस व्हय.

राजेश्वरी : विजयसिंहांच्या उसाला लागून तळ्याची जी कड आहे, तिथली माती. त्यांना वाटलं मी माती परीक्षणवाली. उसाला पोटॅश किती टाकू, विचारत राहिले. मडक्यासाठी पाहिजे म्हटलं, दोन घमेली. तर म्हणाले, ट्रॉली भरून न्या. आणि निघताना परत पोटॅशचं विचारलं.

कुशाबाई : लीद कुनाची मंग? आप्पा बारामतीच्या टांगेवाल्याकडनं आणायचे. टांगा दिसला की मागं मागं चालायचे, मला लाज वाटायची.

राजेश्वरी : टांगे कुठं राहिलेत आता. जळोचीला अल्ताफकडं वरातीची घोडी आहे. त्यानं पोतं भरून दिलं. बागेला टाका ताई, झाडं जोमात येतील, असं तीनदा म्हणाला. मडक्याला पाहिजे म्हटल्यावर पोतं परत उघडून बघितलं त्यानं.

कुशाबाई : येवढा खटाटोप. मला इचारायचं की. येवढी व्हती त्यांची वीत. ही बघ.

राजेश्वरी : थांब, हात हलवू नकोस. सव्वीस. आई, परवा साडेचोवीस दाखवली होतीस.

कुशाबाई : परवा त्येवढी आठवण न्हवती आली.

राजेश्वरी : माझ्या आठवणीत तर याहून मोठी आहे. ताप बघायला कपाळावर हात ठेवायचे, तर सगळा चेहरा झाकून जायचा माझा.

कुशाबाई : तुजा चेहरा केवढा व्हता तवा? लिंबायेवढा.

राजेश्वरी : म्हणूनच मला आठवणीवरून लिहायचं नाही. पहिली दोन वर्षं बेटावर त्यांनी मला सभासद करून घेतलं नव्हतं. भांडी चांगली आहेत म्हणाले, पण कुणाची आहेत ते कळत नाही. तेव्हा मी निळे रंग, मोर, कायकाय करत होते, त्यांना भारतातलं वाटावं म्हणून. मोर मी इथं अंथुर्ण्यात तरी कधी काढला होता? तिसऱ्या वर्षी ते सगळं टाकून दिलं आणि आप्पा वळायचे तसा काठ वळला. ते घेतलं त्यांनी. तिथल्या चार पानी पेपरात आलं, की ह्या बाईची भांडी शांत आहेत.

कुशाबाई : मडकं आनि काय भांडतंय व्हय?

राजेश्वरी : चांगलं म्हणून लिहिलं होतं गं. आता चिठ्ठीवर मी अंदाजानं आकडा टाकला, तर तिथं कुणालाच कळणार नाही. पण मी त्याच दुकानात बसणार, समोर तो डेरा, खाली आप्पांचं नाव आणि माझा बनावट आकडा.

कुशाबाई : हात व्हता तवा का न्हाय आलीस मापायला?

राजेश्वरी : आई.

कुशाबाई : न्हाय, इचारती. तीन वर्सं झाली. त्ये गेल्यावर तिसऱ्या दिशी दारात आलीस. तिकिट मिळालं न्हाय म्हनलीस. मी काय बोलले न्हाय.

राजेश्वरी : तिकीट मिळालं असतं. एक दिवस आधीचं. आप्पा गेल्याचा रविराजचा फोन आला तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि दुपारची पाळी माझी होती. आत बावीस जणांचं अर्ध्या वर्षाचं काम. लाकूड थांबलं तर आच उतरते, मग सगळंच जातं. मी फोन ठेवला आणि लाकूड टाकत राहिले. चार तास. पाळी बदलायला माणूस आला, तेव्हा त्याला सांगितलं. तोवर त्या दिवशीची बोट गेली होती.

कुशाबाई : चार तासांत कुनाला हाक नाय मारता आली?

राजेश्वरी : मारता आली असती. शेजारीच दोघं लाकूड फोडत होते. मी मारली नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

कुशाबाई : तू झालीस तवाबी आवा पेटला व्हता. मी माहेरी, कळसला. निरोप धाडला, पोरगी झाली म्हनून. दुसऱ्या दिशी सांजच्याला आले. हात कोपरापतूर काळे. तुला घ्यायाबी दिलं न्हाय मी.

राजेश्वरी : काय म्हणाले?

कुशाबाई : आवा चांगला उतरला, म्हनले. चार दिस बोलले न्हाय मी त्यांच्यासंगं. तुज्यासंगं किती दिस बोलायचं न्हाय, त्ये ठरवती मंग. आण ती पट्टी हिकडं. लीदीची.

राजेश्वरी : काही नाही राहिलं तिच्यावर. गुळगुळीत केलीस तू.

कुशाबाई : वरनं केली. खालनं कोन पोतेरं फिरवतंय? उलटी करून बघितलीस का? पोतं उमटलंय. सूत न् सूत दिसतंय.

राजेश्वरी : आण बघू. ...आई, पोतं कुठाय?

कुशाबाई : झटकून तारेवर टाकलंय. का?

राजेश्वरी : धुतलं नाहीस ना?

कुशाबाई : पोतं कुनी धुतंय व्हय?

राजेश्वरी : ओल्या मातीवर पोत्याचा ठसा पडला. माती आवळली, तसा ठसाही आवळला. पोतं नाही आवळलं. पोत्याची तीस सुतं मोजायची आणि पट्टीवरच्या ठशाची तीस. माझी रेघ नसली तरी चालतं. तू सुतं मोज, मी फूटपट्टी धरते.

कुशाबाई : हळू. गहू निवडल्यागत मोजावं लागंल. ...अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. हितं बोट ठिवलंय, बघ.

राजेश्वरी : बारा सेंटिमीटर. पण पट्ट्या टाकल्या तेव्हा पोतं ओलं झालं असेल. ताग ओला झाला की थोडा फरक पडतो.

कुशाबाई : मंग वल्लं कर. बादली तितंच हाय.

(दोघी पोतं भिजवून पुन्हा फरशीवर पसरतात.)

राजेश्वरी : पुन्हा तीस. ...बाराच. आता पट्ट्या. पहिली, तीस ठसे, अकरा सेंटिमीटर. दुसरी अकरा. तिसरी दहा पूर्णांक नऊ. चौथी अकरा पूर्णांक एक.

कुशाबाई : चौथी वाकलीया जरा. कडंला टाकली व्हतीस तू.

राजेश्वरी : चौघींची सरासरी अकरा.

कुशाबाई : म्हंजी बाराचं अकरा झालं.

राजेश्वरी : होय.

कुशाबाई : मंग सोपं हाय की. तोंडाला अकरानं भागायचं आन् बारानं गुणायचं. तांब्याच्या हंड्याला झाकनी करायची तर आमी बोटभर मोठीच वळायचो, भाजली की बराबर बसायची. तवा कुनी पट्ट्या न्हाय भाजल्या.

राजेश्वरी : हे आधी सांगितलं असतंस तर?

कुशाबाई : तू झाकनीचं कुठं इचारलंस? आन् चिठ्ठीवर लिव तितं, पोतेरं कुशाबाईचं.

राजेश्वरी : लिहिते. शिकवणाऱ्यांची नावं दोन चालतील का, विचारावं लागेल. बैठकीत एकवीस जण चूक काढतील.

कुशाबाई : काढू दे. मला काय तितं बसायचं न्हाय.

राजेश्वरी : एकोणीस पूर्णांक आठ भागिले अकरा...

कुशाबाई : थांब जरा.

राजेश्वरी : काय झालं?

कुशाबाई : येकदा का आकडा आला, की मला आसं हात पसरून दाखवता यायचं न्हाय. तू म्हनशील, आई, इतकीच व्हती.

राजेश्वरी : नको सांगू तुला? मी नुसती वहीत लिहून नेते.

कुशाबाई : तितं समदी वाचतील. ती कारेन वाचंल. आन् मलाच ठावं नसंल. न्हाय, सांग.

राजेश्वरी : एकवीस सेंटिमीटर, सहा मिलिमीटर.