नगरसेविकेचा नवरा

२० जानेवारी, मंगळवार. सकाळी दाट धुकं. साडेदहाला आभाळ उघडलं, पण ऊन अंगाला लागेना. वारा गार.

— न्हाई मावशी, अफसाना घरी न्हाई. नगरपंचायतीत गेली. बाराला मीटिंग हाय न्हाई का आज. हाव, मी इथं दुकानात आणि ती तिथं, आज उलटंच झालंय. बसा की. उभ्या कशाला? हळदीकुंकवाचे दिवस, आणि तुमच्या हातात दोन-दोनच बांगड्या — हे बरं दिसतं का, केवळामावशी? आणा हात. हिरव्या काढतो. नायगावच्या बाजारातनं परवाच माल आणलाय. ढिला सोडा हात. गारठ्यानं हाडं आखडतात बघा, अंगठ्यापाशी जरा दाबावं लागंल.

तिच्याकडं काय काम होतं? मला सांगा की. लोक मलाच सांगतात. नळ, नाली, लाइटचा खांब, सगळं मलाच. मला नगरसेवक म्हणतात, आणि मी कधी न्हाई म्हणलो न्हाई. चार वर्षं झाली. निवडून आली अफसाना मकबूल मणियार, आणि हार घातला मकबूलच्या गळ्यात. मिरवणुकीत जीपवर मी होतो — ती घरी चहा करून राहिली होती दोनशे माणसांचा. मीटिंगला पण मीच बसायचो तिच्या शेजारी, खुर्ची टाकून. ते आता नवीन साहेब आले, त्यांनी सांगितलं, नवरे मंडळी बाहेर. शिपाई दारात उभा केलाय म्हणे. म्हणून मी इथं. जाऊन बाहेर उभं राहावं, म्हणलं, तर — न्हाई, लोक बघतात.

हाव. भुजंगरावाचंच. त्याचंच हाय आज.

तोंड वाकडं करू नका, मावशी, मला ठाऊक हाय. पाणीपुरवठ्याचा सभापती म्हणून अध्यक्षांनी त्याचं नाव आणलंय, आणि नालीतनं पिण्याच्या पाण्याचा पाइप टाकला तो त्याच्याच मेव्हण्यानं. ठाऊक हाय. आपल्या गल्लीत घरटी एक कावीळ होती. तुमची उज्ज्वला तर — कशी हाय आता? जेवते का? हां. सून राहिली, लेकरू न्हाई राहिलं. आठवा महिना होता. अफसाना आठ दिवस लातूरच्या दवाखान्यात होती तिच्या उशापाशी, मी इथं एकटा भात शिजवायचो. आल्यावर चार दिवस बोलली न्हाई माझ्याशी. मी काय केलं होतं? पाइप काय मी टाकला होता?

दुखलं का? झालं, झालं. ही तिसरी.

तुमाला वाटत असंल, तिथं बसून विचार करतात. हा माणूस कसा हाय, ह्याच्या हातात पाणी द्यावं का न्हाई. न्हाई हो! सभागृहात काय ठरत न्हाई. तिथं नुसते हात वर होतात. ठरतं ते घरी, ढाब्यावर, लग्नाच्या मांडवात. मल्लिनाथअण्णा घ्या — चौकात उभा राहून भुजंगरावाला शिव्या देतो, पण अध्यक्षाचा साडू हाय, घरात भांडण नको म्हणून हात वर. विरूपाक्षचं पोरगं भुजंगरावाच्या शाळेत शिपाई लागलंय, त्याचा हात वर. कुणी म्हणतं, पक्षाचा आदेश दाराला चिकटवलाय, माझा नाइलाज. एकटी ती बुद्धप्रिया मॅडम म्हणते, आधी पाण्याची तपासणी आणा, मग नावाचं बघू. तर सगळे हसतात — मॅडम, तुमी लई वाचता! मी पण हसलो होतो. सगळे हसले की हसू येतं माणसाला.

आणि सहल! माणसं फुटू नयेत म्हणून नगरसेवकांना सहलीला न्यायचं, अशी रीतच हाय. तीन दिवस हैदराबादला नेलं. आता आमच्यात नऊ बाया — बायांना कसं नेणार? म्हणून त्यांचे नवरे गेले. हाव, हसा. नगरसेविकांची सहल, आणि गाडीत बसले नऊ मिशावाले. मोठं हॉटेल, मावशी, पाणी पण बाटलीचं. भुजंगराव स्वतः वाढायला — मकबूलभाई, अजून घ्या, मकबूलभाई, लाजू नका. आणि दुसऱ्या दिवशी त्या हॉटेलच्या हॉलात सराव घेतला. हात वर करायचा सराव! अध्यक्षांनी विचारलं, भुजंगरावांच्या नावाला कोण कोण? आम्ही हात वर केले. तर तो विरूपाक्ष ओरडला, अफसानाबाई, हात सरळ करा, लाजता काय! सगळा हॉल हसला. मग एकेकाला बायकोच्या नावानं हाका मारल्या, आणि आम्ही हजर, हजर म्हणून राहिलो — मी डोक्यावर रुमाल घेऊन हजर म्हणलो. पदरासारखा. कुणीतरी व्हिडिओ काढला. आमी घरी पोचायच्या आधी तो घरी पोचला होता.

तुमी पण बघितला? न्हाई, सांगू नका. हात सोडू नका, अर्धाच हात झालाय.

पैसे? कोण म्हणलं? अल्लाची कसम मावशी, बिर्याणी सोडून काय घेतलं न्हाई. पैसे घेतले असते तर एक बरं झालं असतं — परत तरी देता आले असते. ऐका, कसं झालं. बाजाराचा दिवस होता. भुजंगराव, एवढा मोठा माणूस, गाडीतनं उतरला आणि ह्या पायरीवर, इथं, तुमच्या चपला हायत तिथं, खाली बसला. सगळा बाजार बघत होता. म्हणला, मकबूलभाई, तुमच्या एका हातावर अडलंय, मी तुमच्या जबानीवर चाललोय. माझ्या जबानीवर! लहानपणापासनं पोरं मला चिडवून राहिलेत, हा बायांचे हात धरणारा. माझ्या जबानीवर आजवर कोण चाललं होतं? माल देणारा नायगावचा शेठसुद्धा रोख घेतो. तर दिली जबान. तिथंच दिली, छातीवर हात ठेवून. आत माझी बायको शिवण घेऊन बसली होती, ह्या पडद्याच्या मागं. तिला हाक मारून विचारायला काय लागत होतं? पडदा बाजूला करायचा नुसता.

अरे — वाढली बांगडी. लागलं का कुठं? काच टोचली का? बघू. न्हाई, रक्त न्हाई. आज सकाळपासनं हेच चाललंय. वीस वर्षांत कुण्या बाईला माझ्या हातनं ओरखडा उठला न्हाई, विचारा कुणालाही.

सकाळी म्हणलो तिला. ती भाकरी करून राहिली होती. म्हणलो, आज एकटी जाशील, काय बोलू नको, नाव पुकारलं की नुसता हात वर कर, बाकी मी बघतो. तर मान वर न करता म्हणली, व्हिडिओत माझ्या नावानं झाला की वर, आता परत कशाला? एवढंच. आवाज न्हाई, काय न्हाई. ती भांडली असती तर मी पण भांडलो असतो आणि मिटलं असतं. मला त्या पायरीवरचा भुजंगराव दिसून राहिला होता, आणि सगळा बाजार. आणि मी — जाऊ द्या. नवराबायकोत होतंच असं.

म्हणलो, हात वर झाला न्हाई तर ह्या घरात यायचं न्हाई. साडेतीनची जळकोटची गाडी धर आणि माहेरी जा. नाझनीनच्या समोर म्हणलो. पोरीनं घास खाली ठेवला. तसं बोलायचं असतं म्हणून बोललो हो! वाटलं, रडंल, आणि रडली की ऐकंल. न्हाई रडली. तवा उतरवला, हात धुतले, मला ताट वाढलं. आणि पिशवी घेऊन गेली. मीटिंगला पिशवी कशाला? कागदं असतील. वहीबिही. न्हाई का?

काय?

तुमच्याकडं? पिशवी तुमच्याकडं ठेवलीय?

...आणि शाळेत तुमी जाणार? नाझनीनला आणायला? ती म्हणली तुमाला तसं?

मग बांगड्या भरायला कशाला बसलात, मावशी? ...हाव. तुमी हे सांगायला आलात, आणि मीच बसवलं. मीच हात धरला.

तुमी बघितलं का पिशवीत? कपडे हायत का? पोरीचे पण?

न्हाई, सांगू नका. पैसे नकोत, ठेवा. एक हात रिकामा राहिला, राहू द्या. जा मावशी. जा म्हणलं ना. मला दुकान बंद करायचंय.

भुजंगरावांची पाणीपुरवठा सभापतीपदी निवड. बाजूनं दहा, विरोधात सात. अफसाना मकबूल मणियार: विरोधात. साडेतीनच्या जळकोट गाडीनं अफसाना आणि नाझनीन गेल्या.