अक्का, शिरगणती आणि मोटार

अप्पा, अण्णा, मावश्यांनो,

बसा. मागं उभारलेल्यांनीबी बसा. एवढं गाव पारावर जमलेलं बघून नागम्मा अक्का म्हणली असती, "कामून जमलेत रे सगळे? रानात कामं न्हाईत का?" आज बोलतो. गावचा पाटील म्हणून न्हाई. गुन्हेगार म्हणून बोलतो.

अक्का आपली सुईण. हितं बसलेल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदा तिनंच हातात घेतलं. माझी तिन्ही लेकरं तिच्याच हातची. परवा सकाळी म्हणली, पोटात लई दुखायलंय. दवाखान्यात न्यायला आपण बाज उचलली. चौघं खांद्याला, चौघं बदलीला. ओढ्यात गुडघाभर चिखल. मन्नाएखेळ्ळीची सडक दिसली, सडकेवरची मोटारबी दिसली. तेवढ्यात अक्काचा हात बाजेखाली लोंबला. बाज तशीच माघारी फिरवली.

मोटार आपल्या गावात कामून येत न्हाई? अर्ज घेऊन मीच गेलतो कचेरीत. साहेब म्हणाले, "पाटील, एवढ्याशा वस्तीला कुठली सडक आन कुठली मोटार?" मी म्हणलं, "साहेब, माणसं लई हायती." ते म्हणाले, "कागदावर न्हाईत." अर्ज तसाच माघारी आणला. ती माणसं मीच लपवली होती.

शिरगणतीचे मास्तर आले तो दिवस आठवा. पोलिस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. यादीत नाव आलं की दारात कोण येऊन उभारतंय, ह्याची भीती आपल्या हाडात बसलेली. मी घरोघर फिरून सांगितलं, निम्मीच माणसं सांगा. तरण्या पोरांना, सुनांना ज्वारीत धाडा. गाव रिकामं केलं आन मास्तरांना चहा पाजत बसलो. लई शहाणा मी!

अक्का तेवढी हलली न्हाई. दारात उभारून म्हणली, "मास्तर, मला लिव्हा. नागम्मा. सुईण." मग माझ्याकडं वळली. "पाटला, जन्मभर एकेक जीव बाहेर काढला रे मी. तू एका दुपारी निम्मं गाव नाहीसं केलंस." सगळ्यांदेखत म्हणली. मी हसण्यावारी नेलं. म्हातारी झालीय, काय बी बोलायलीय, असं म्हणलं.

व्हय, असं म्हणलं मी.

मान खाली घालू नका, मंडळी. भीती सगळ्यांनाच होती, पण तुम्हाला सांगत फिरलो तो मी. दवाखान्यात अक्का वाचली असती का? ते डॉक्टरला ठाऊक. दवाखान्यापर्यंत पोचली असती, एवढं मला कळतंय. ह्या दोन रात्री मला झोप न्हाई.

आन एक सांगतो. अक्काचं नाव कागदावर हाय. तिची बाज उचलणारे आठजण? एकाचंबी न्हाई. मल्लप्पाचं न्हाई. शंकरचं न्हाई. माझ्या थोरल्याचं न्हाई. सरकारदरबारी बघितलं तर अक्काला कुणीच खांदा दिला न्हाई.

आता भाषेपरमाणं राज्य मोडायलंय म्हणतात. आपण कानडीकडं जाणार का मराठीकडं, कुणाला ठाऊक. परत कुणीतरी मोजायला येईल. तेव्हा मी चहा घेऊन बसणार न्हाई. मास्तरांचा हात धरून दारोदार नेईन.

उठा आता. अक्कासाठी गप उभारायचंय. पण त्याच्या आधी ज्यानं त्यानं आपलं नाव घ्या, मोठ्यानं. ज्वारीत धाडलेल्या सुनांनो, तुम्हीबी घ्या, लाजू नका. अक्काला ऐकू जाऊ द्या, तिनं आणलेली माणसं हायती म्हणून.

मी सुरू करतो. शिवलिंगप्पा. घरात नऊ माणसं. सांगितली होती चार.

शरणु, अक्का, हात जोडतो. चुकलं माझं.

हं मल्लप्पा, तू बोल.