बदामी नाचली म्हणून

सांगायचं नव्हतं न मले, ताई — बाबानं बजावूनच बसवलं होतं, नवरदेवाची बहीण घोडी पाहाले येऊन राहिली, चहा दे, गोड बोल, पोटाचं विचारलं तर म्हण खाऊन सुटली. आणि मी काय केलं, तुम्ही बसल्या नाही तं सांगून टाकलं का बदामी गाभण आहे. आता पुरंच ऐका. थोडी चूक तुमचीही आहे. आमच्या या कँप-वन वस्तीमंदी घोडी ठरवाले येणारे सगळे हिंदी बोलतेत, त्यांच्यासमोर माही वाचा बंद राहते, शाळेतही बंदच — बायोच्या मॅडम विचारतेत, समीक्षा वर्गात आहे का भिंतीत — आणि तुम्ही सेक्टर सिक्सहून आल्या न् आल्याबरोबर आपल्या बोलीत म्हटलं, काय करून राहिली वं. मग काय, नळ सुटला.

कितवा महिना? अकरावा. घोडीले अकराच लागतेत, मतलब आता कधीही. हो, उद्या तुमच्या भावाची वरात आहे, माहीत आहे मले, म्हणूनच तं — थांबा, पहिल्यापासून सांगते. पहिले तिच्या पोटात काही राहतच नव्हतं. बाबा दुर्गकडच्या एका घोड्याकडे न्यायचे, आणलं का खुंट्याले आखूड बांधायचे, पाठीवर थंड पाणी टाकायचे, जागची हलू द्यायचे नाही. हलली तर सांडून जाईन म्हणे. मलेही पटायचं, खोटं कावून बोलू — ती दचकू नये म्हणून मी तं तिच्यासमोरून चप्पल हातात घेऊन चालायची. अकरावी सायन्सची पोरगी!

मग जनावरांच्या डाक्टर मॅडम आल्या. बाबा लाजून बाहेर गेले, तं सगळं मलेच ऐकाले लागलं. घोडीमंदी घोड्याचं जे येते ते थेट गर्भाशयातच पडते — त्यातलं कामाचं तेवढं पुढे जाते, उरलेलं गर्भाशयानं दाबून-दाबून बाहेर काढाले पाह्यजे, आपण पोछा मारून पाणी दाराबाहेर लोटतो न, तसं. वय झालेल्या घोडीचं गर्भाशय ढिलं पडते, त्याले तेवढा जोर होत नाही. पाणी आतच साचते, सूज येते, मग गर्भ टिकन कुठं? इंजेक्शन द्या, म्हणे, आणि फिरवा, फिरवल्यानं साफ व्हाले मदत होते. फिरवा! आणि आम्ही बांधून ठेवून राहिलो होतो.

आता हे मी बाबाले कसं सांगितलं, विचारा. गॅसकडे तोंड केलं, पोळी उलटवली आणि म्हटलं — हालचाल चांगली राहते म्हणे. बस. कशाची, कधी, किती, काहीच नाही. परीक्षेत मी आकृती काढते, सगळ्या भागांची नावं लिहून काढते, अक्षर सुंदर असते माहं — आणि घरी काय, तं हालचाल.

मग मागच्या लग्नसराईत घोड्याकडून आणली त्याच दिवशी दुसऱ्या कोणाची घोडी लंगडली, आणि नंदिनी नगरची वरात बाबाकडे आली. बदामी बँडसमोर अशी नाचली, अशी नाचली का लोकं नवरदेवाले सोडून तिचेच फोटो काढून राहिले होते. आणि राहिलं! झालं, बाबाच्या डोक्यात पक्कं झालं — नाचली म्हणून राहिलं, आता नाचन तर सुखानं मोकळी होईन. आईले सांगतेत, काकाले सांगतेत, माही पोरगी सायन्सवाली आहे, तिनंच सांगितलं हालचाल चांगली. माह्या नावावर, ताई.

पण ते वेगळं होतं न. तेव्हा गर्भाशयानं दाबणंच पाह्यजे होतं. मग पुढचं — हे मले फार आवडते — घोडीचा गर्भ सुरुवातीले एका जागी बसतच नाही, गर्भाशय त्याले ढकलत राहते, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि तो असा सगळीकडे हिंडला तवाच तिच्या अंगाले कळते का कोणीतरी आलं आहे. जन्माच्या आधीच माह्यापेक्षा धीट. त्यानंतर महिनोन्महिने सगळं शांत. आता कळा पुन्हा येतीन, पण तिच्या मर्जीनं — आजूबाजूले गोंगाट असला तर घोडी थांबते, एकांत पाहते. उद्या समोर डीजे, पाठीवर तुमचा भाऊ, आणि तिनं रोखून-रोखून मधेच रस्त्यात — शिंगरू जाईन, ताई. ती पण जाईन. आणि बाबा लोकायले सांगतीन, पोरीनंच म्हटलं होतं.

म्हणून तुम्ही म्हणा न बाबाले, आमाले दुसरी घोडी पाह्यजे. कारण काहीही सांगा, रंग आवडला नाही म्हणा, भाऊ घोडीले भेते म्हणा — हसू नका, खरंच म्हणा — मी आत कणीक भिजवत उभी राहीन, मले काहीच माहीत नाही, तुम्ही फक्त एवढं —

हो बाबा? … आत्ता? … ताई, ढोलवाला आला. तिले नाचवून दाखवतेत म्हणे, तुमाले पसंत पडावी म्हणून. बोला न तुम्ही. माह्याकडे कावून पाहून राहिल्या? … हो बाबा, ऐकू आलं. नाही, सोडत नाही मी तिले. … नाही म्हटलं. … कावून ते तिथंच येऊन सांगते. राहू द्या ढोलवाल्याले, त्याच्यासमोरच सांगते.

चहा प्या तुम्ही, ताई.