मध्ये घातलेला हात

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाईंनी हाताला रुमाल गुंडाळला होता. रक्त वर आलं होतं. पलीकडे मांजराची टोपली घेऊन एक आजोबा बसले होते.

“मोकाट कुत्रं होतं का?” आजोबांनी बाईंना विचारलं.

“हो. आमच्या ढब्ब्याची मानच धरली. मी एकटीच होते, घातला हात मध्ये.”

“हात नसतो घालायचा, ताई. अंगावर पाणी, जाकीट, मिळेल ते टाकायचं. नाहीच सुटलं, तर आपल्या कुत्र्याचा पट्टा खांबाला बांधून दुसऱ्या कुत्र्याचे मागचे पाय उचलायचे.”

“तेव्हा इतकं सुचतं का?”

“मला कुठे सुचलं? मी पट्टा धरून नुसता उभा राहिलो. हे सगळं नंतर विचारून घेतलं.”

“तुमचा कुत्रा वाचला?”

“नाही.”

“तुम्ही एकटे काय करणार होतात?”

“आमची हीसुद्धा तेच म्हणते. पण दुसरा कुत्रा आणू म्हटलं, की उठून आत जाते.”

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

“ढब्ब्याला टाके घातलेत, शुद्धीवर येतोय. तुम्ही हातासाठी रेबीजचं इंजेक्शन घेतलंत का?”

“आधी त्याला बघते.”

“बघून या,” आजोबा म्हणाले. “मग इंजेक्शनला मी येतो बरोबर. मांजराला काही घाई नाही.”