स्टिअरिंगवरचं बोट

खाणींच्या मुलखातल्या एकुलत्या एका पंपावर डिझेलचे पैसे द्यायला लोर्ना रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक म्हातारा-म्हातारी आणि त्यांची नात. बाहेर त्यांची, गाडीला जोडलेली कॅरॅव्हॅन उभी होती आणि तिच्या मागे लोर्नाची गाडी.

"नेव्हिल, मघाशी त्या निळ्या ट्रकला तू बोट वर केलंस."

"समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरून बोट वर करून सलाम करतातच इथे. रीतच आहे ती."

"आपला रॉडी तसलाच चालवतो."

"खाणीचे सगळेच ट्रक निळे असतात, बाई. तू सॉसेज रोल घेणार आहेस का?"

"विषय बदलू नकोस. त्याचं नाव काढलं की भरल्या ताटावरून उठतोस."

"अगं, धूळ केवढी होती! चालवणाऱ्याचं तोंड तरी दिसलं का मला?"

"आजोबा, रॉडीमामाच होता तो. त्यानेही बोट वर केलं. मग पुढे जाऊन थांबला."

"थांबला?"

"हो. रस्त्याच्या कडेला. मला बाजूच्या आरशात दिसलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, पोरी?"

"बोलले की. तुम्ही रेडिओ मोठा केलात."

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही.

"अजून थांबला असेल का गं तो?"

"तुझाच मुलगा आहे. हट्टाने थांबेल."

"पण एवढं धूड घेऊन वळायचं कुठे? मागे कुणीतरी गाडी लावून ठेवलीय."

लोर्नाने हातातला चहा जवळच्या फळीवर ठेवला आणि किल्ली चाचपत ती बाहेर धावली.